वनस्पतीजन्य उजळती शाई : बनावट मालाला रोखणार कोण, रंग की तपासणी?

चंदीगड : साध्या उजेडात कोरी दिसणारी आणि अतिनील दिव्याखाली धरताच रंगाने उजळणारी खूण हे बनावट मालाविरुद्धचे जुने हत्यार आहे. चलनी नोटा, पासपोर्ट आणि महत्त्वाची कागदपत्रे यांवर ते दीर्घकाळ वापरले जात आहे. आता हेच हत्यार फळांच्या रसातून, झाडाच्या पानांतून किंवा शेतातील टाकाऊ मालातून घडवता येईल का, याचा शोध जगभरातील प्रयोगशाळा घेत आहेत. चंदीगड व त्याला लागून असलेल्या मोहालीतील संशोधन संस्था, पंजाबची शेती आणि शेजारच्या हिमाचल प्रदेशातील औषध कारखाने यांच्यामुळे या प्रश्नाला येथे शास्त्रीय कुतूहलाइतकेच व्यावहारिक महत्त्वही आले आहे.

कल्पना आकर्षक आहे. कच्चा माल स्वस्त, कृती सोपी, विषारी धातूंचा वापर नाही आणि परदेशातून येणाऱ्या दुर्मिळ मूलद्रव्यांवरचे अवलंबनही नाही. मात्र याच सोपेपणात मेख दडलेली आहे. जो पदार्थ महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत काही तासांत तयार होतो, तो बनावट मालाच्या कारखान्यातही तयार होऊ शकतो. त्यामुळे वनस्पतीजन्य शाई उजळते की नाही, हा प्रश्न आता मागे पडला आहे. नक्कल करणाऱ्याला अवघड आणि तपासणाऱ्याला सोपी अशी खूण त्यातून घडते का, आणि ती तपासण्यासाठी बाजारात कोणी उभे आहे का, हे खरे प्रश्न आहेत.

नोटांपासून औषधांपर्यंत

बनावट मालाचा व्यापार किती मोठा आहे, याचे अंदाज वेगवेगळे असले तरी त्यांची दिशा एकच आहे. आर्थिक सहकार्य आणि विकास संघटना व युरोपीय संघाचे बौद्धिक संपदा कार्यालय यांच्या संयुक्त अहवालानुसार २०२१ मध्ये जगातील बनावट वस्तूंचा आंतरराष्ट्रीय व्यापार सुमारे ४६७ अब्ज डॉलरचा होता. जागतिक आयातीच्या तुलनेत हे प्रमाण २.३ टक्के होते. अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांतील दर दहा वैद्यकीय उत्पादनांपैकी एक निकृष्ट किंवा बनावट असल्याचा अंदाज जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये व्यक्त केला होता.

भारतात शेतीही यातून सुटलेली नाही. बाजारातील अप्रमाणित कीटकनाशकांचे प्रमाण मूल्याच्या हिशेबाने सुमारे २५ टक्के आणि आकारमानाच्या हिशेबाने सुमारे ३० टक्के असल्याचे भारतीय वाणिज्य व उद्योग महासंघाच्या, म्हणजेच ‘फिक्की’च्या २०१५ मधील अहवालात नमूद होते. त्याच वर्षी पंजाबच्या कापूस पट्ट्यात पांढऱ्या माशीने पीक उद्ध्वस्त केले, तेव्हा फवारलेल्या औषधांच्या दर्जाचा प्रश्न राज्याच्या राजकारणाच्या केंद्रस्थानी आला होता. बनावट औषधाची किंमत रुग्ण प्रकृतीने चुकवतो, तर बनावट कीटकनाशकाची किंमत शेतकरी एका हंगामाने चुकवतो.

चलनी नोटांचे चित्र मात्र थोडे वेगळे आहे. रिझर्व्ह बँकेच्या वार्षिक अहवालानुसार २०२४-२५ या आर्थिक वर्षात बँकिंग व्यवस्थेत सुमारे २ लाख १७ हजार बनावट नोटा आढळल्या. त्यांत पाचशे रुपयांच्या नव्या मालिकेतील नोटा सुमारे १ लाख १८ हजार होत्या आणि आधीच्या वर्षापेक्षा ही संख्या ३७ टक्क्यांनी अधिक होती. एकूण बनावट नोटांपैकी ९५ टक्क्यांहून अधिक नोटा रिझर्व्ह बँकेऐवजी इतर बँकांमध्येच पकडल्या गेल्या. हा शेवटचा आकडा अधिक बोलका आहे. नोटेच्या बाबतीत खूण ठरलेली आहे, ती ओळखणारी यंत्रे शाखाशाखांत आहेत आणि संशयित नोट आढळल्यास काय करायचे, याचे बंधनकारक नियमही आहेत. औषधाच्या पाकिटासाठी अशी खिडकी कुठेच नाही.

संत्र्याच्या रसातून प्रकाश

एखादा पदार्थ कमी तरंगलांबीचा, म्हणजेच अधिक ऊर्जेचा प्रकाश शोषून जास्त तरंगलांबीचा प्रकाश बाहेर टाकतो, त्या गुणधर्माला प्रतिदीप्ती म्हणतात. डोळ्यांना न दिसणारा अतिनील प्रकाश अशा पदार्थावर पडला की निळा, हिरवा किंवा लाल रंग दिसू लागतो. या गुणधर्माच्या शास्त्रीय अभ्यासाची सुरुवातही एका वनस्पतीजन्य पदार्थाशी जोडलेली आहे. सिंकोनाच्या सालीतून मिळणाऱ्या क्विनिनच्या द्रावणातील निळी झाक जॉन हर्शेल यांनी १८४५ मध्ये नोंदवली. पुढे १८५२ मध्ये जॉर्ज स्टोक्स यांनी तिचे स्पष्टीकरण देऊन या आविष्काराला नाव दिले. घरातील हळदीचा अर्क अतिनील दिव्याखाली पिवळट हिरवा उजळतो, तोही याच गुणधर्मामुळे. मात्र हळदीचा रंग उन्हात विटतो. म्हणूनच वर्षानुवर्षे टिकावी लागणाऱ्या खुणेसाठी असे मूळ वनस्पतीरंग फारसे उपयोगाचे नसतात.

ही उणीव भरून काढण्याची शक्यता कार्बनच्या अतिसूक्ष्म कणांनी निर्माण केली. अमेरिकेतील साउथ कॅरोलिना विद्यापीठातील संशोधक २००४ मध्ये कार्बनच्या सूक्ष्म नळ्या शुद्ध करत असताना त्यांना काजळीत प्रकाश देणारे कण आढळले. २००६ मध्ये क्लेमसन विद्यापीठातील संशोधकांनी त्यांना ‘कार्बन डॉट’ हे नाव रूढ केले. या कणांचा आकार साधारणतः दहा नॅनोमीटरपेक्षा कमी असतो. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. कणाचा आकार, त्याच्या पृष्ठभागावरील रासायनिक गट आणि त्यात मिसळलेले नायट्रोजनसारखे अणू यांवर त्याचा रंग आणि तेज ठरते.

यानंतर लक्षात आले की असे कण बनवण्यासाठी शुद्ध रसायनेच लागतात असे नाही. राउरकेला येथील राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेतील संशोधकांनी २०१२ मध्ये संत्र्याच्या रसापासून तेजस्वी कार्बन डॉट तयार करून दाखवले. शोषलेल्या प्रकाशकणांपैकी किती प्रकाशकण परत बाहेर पडतात, हे सांगणारे प्रमाण या कणांत सुमारे २६ टक्के होते. पुढे केळी, आले, कोथिंबीर, उसाचे चिपाड अशा अनेक पदार्थांची त्यात भर पडली. पंजाब विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागातही प्रकाशमान कार्बन कणांवर काम झाले आहे.

कृती थोडक्यात अशी असते. पाने, साल किंवा रस पाण्यात मिसळून टेफ्लॉनचे अस्तर असलेल्या बंद पोलादी भांड्यात १५० ते २०० अंश सेल्सिअस तापमानाला काही तास ठेवतात. साखर, सेल्युलोज आणि प्रथिने तुटून त्यांचे कार्बनीकरण होते व कण तयार होतात. मायक्रोवेव्ह भट्टीत हेच काम काही मिनिटांत होऊ शकते. त्यानंतर गाळणी, शुद्धीकरण आणि शेवटी योग्य चिकटपणा देणाऱ्या माध्यमात मिसळून शाई तयार होते. स्क्रीन प्रिंटिंग किंवा इंकजेटने ती कागदावर उमटवता येते. कार्बन कणांची शाई म्हणून उपयुक्तता २०१२ व २०१३ मध्ये चीनमधील संशोधकांनी दाखवून दिली होती. मात्र त्यांचा कच्चा माल सायट्रिक आम्लासारखी शुद्ध रसायने हा होता आणि २०१३ मधील त्या कणांचे प्रकाशप्रमाण ८० टक्क्यांपर्यंत पोहोचले होते. वनस्पतीजन्य कण सहसा इतके तेजस्वी नसतात.

मोहालीतील शाई आणि दुर्मिळ मूलद्रव्ये

चंदीगडजवळील मोहालीत केंद्रीय विज्ञान व तंत्रज्ञान विभागांतर्गत येणारी नॅनो विज्ञान व तंत्रज्ञान संस्था आहे. या संस्थेने बनावट मालाविरुद्धच्या शाईत आधीच महत्त्वाची मजल मारली आहे. तिची शाई वनस्पतीजन्य नाही. स्ट्रॉन्शियम, बिस्मथ आणि फ्लोरिन यांच्या संयुगात अर्बियम व इटर्बियम ही दुर्मिळ मृदा मूलद्रव्ये मिसळून तिचे कण तयार करण्यात आले आहेत. ही शाई ३६५ नॅनोमीटरच्या अतिनील प्रकाशात निळी दिसते, ३९५ नॅनोमीटरला किरमिजी होते आणि ९८० नॅनोमीटरच्या अवरक्त प्रकाशात नारिंगी लाल उजळते. एकाच खुणेला तीन वेगवेगळ्या प्रकाशांत तीन वेगळी उत्तरे मिळतात, हे तिचे बलस्थान आहे. बाजारातील साध्या अतिनील शाईने पहिले उत्तर कदाचित जुळवता येईल. तिन्ही उत्तरे एकत्र जुळवणे मात्र कठीण आहे.

दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेनेही लाल आणि हिरवा अशा दोन रंगांत उजळणारी सुरक्षा शाई विकसित केल्याचे २०२० मध्ये जाहीर झाले होते. रिझर्व्ह बँकेच्या मुद्रण कंपनीचा म्हैसूर येथील ‘वर्णिका’ हा शाई कारखाना मार्च २०२२ मध्ये राष्ट्राला अर्पण करण्यात आला आणि त्याची वार्षिक क्षमता १,५०० टन आहे. नोटेच्या शाईत स्वयंपूर्ण होण्याची देशाची इच्छा त्यातून स्पष्ट होते. मात्र शाई देशात बनली तरी तिच्यातील प्रकाश देणारा घटक कुठून येतो, हा प्रश्न उरतोच.

दुर्मिळ मृदा मूलद्रव्यांच्या शुद्धीकरणावर चीनची पकड आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये चीनने होल्मियम, अर्बियम, थुलियम, युरोपियम आणि इटर्बियम या मूलद्रव्यांच्या निर्यातीवर नियंत्रणे जाहीर केली. अमेरिकेशी झालेल्या समझोत्यानंतर नोव्हेंबरमध्ये त्यांची अंमलबजावणी वर्षभरासाठी स्थगित झाली. मोहालीच्या शाईतील दोन्ही मूलद्रव्ये या यादीत आहेत. शाईला लागणारे प्रमाण अत्यल्प असते, म्हणून उत्पादन लगेच ठप्प होण्याची भीती नाही. तरीही ज्या वस्तूवर चलनाची आणि औषधांची विश्वासार्हता अवलंबून आहे, तिचा एक धागा दुसऱ्या देशाच्या परवान्याला बांधलेला असणे कोणत्याही सरकारला रुचणारे नाही. वनस्पतीजन्य पर्यायाकडे लक्ष वळण्याचे हे एक कारण आहे.

दुसरे कारण विषारीपणाचे आहे. कॅडमियमयुक्त पुंजबिंदू अतिशय शुद्ध रंग देतात. पुंजबिंदूंच्या शोधासाठी २०२३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक माउंगी बावेंडी, लुई ब्रुस आणि अलेक्सी एकिमोव्ह यांना मिळाले. परंतु कॅडमियम हा विषारी जड धातू असल्याने औषध किंवा खाद्यपदार्थाच्या वेष्टनावर त्याचा वापर स्वीकारार्ह ठरत नाही. कार्बन कणांची विषाक्तता कमी असल्याचे प्रयोगांतून दिसते. मात्र ‘नैसर्गिक’ म्हणजे आपोआप ‘निर्धोक’ असे समीकरण मांडता येत नाही. शाईतील घटक वेष्टनातून आतल्या मालात उतरत नाहीत, हे प्रत्येक शाईला स्वतंत्रपणे सिद्ध करावेच लागेल.

निळ्या रंगाची अडचण

वनस्पतीजन्य कार्बन कणांसमोरील पहिली तांत्रिक अडचण रंगाची आहे. यांतील बहुतेक कण अतिनील प्रकाशात निळे किंवा निळसर हिरवे उजळतात. नेमका तोच निळा रंग बाजारातील पांढऱ्याशुभ्र कागदाचाही असतो. कागद अधिक पांढरा दिसावा म्हणून त्यात प्रकाशवर्धक रसायने घातली जातात. कपडे धुण्याच्या पावडरमध्येही ती असतात आणि अतिनील दिव्याखाली पांढरा सदरा निळसर चमकतो तो त्यांच्यामुळेच. अशा कागदावर निळी उजळणारी खूण छापली तर ती पार्श्वभूमीत हरवते. शिवाय नक्कल करणाऱ्याला कार्बन कणांचीही गरज उरत नाही, कारण कागदाला लागणारे स्वस्त रसायनच तो निळा भास निर्माण करू शकते. चलनी नोटांचा कागद मुद्दाम अतिनील प्रकाशात मंद राहील असा बनवतात, त्यामागे हेच कारण आहे. औषधाच्या खोक्यांना तशी चैन परवडत नाही.

दुसरी अडचण सातत्याची आहे. पावसाळ्यातील पान आणि उन्हाळ्यातील पान रासायनिकदृष्ट्या सारखे नसते. जमीन, जात, पिकण्याची अवस्था आणि साठवण यांनुसार त्यातील घटक बदलतात आणि त्याबरोबर कणांचा रंग व तेजही बदलते. अर्काचे संशोधन निबंधात वर्णन करताना हे खपून जाते. सुरक्षा शाईत मात्र प्रत्येक तुकडीचा वर्णपट आखून दिलेल्या मर्यादेत बसावा लागतो. अन्यथा खरा मालच तपासणीत नापास होईल, आणि खऱ्या मालाला खोटे ठरवणारी खूण बाजारात एक दिवसही टिकणार नाही.

तिसरी अडचण सर्वांत मूलभूत आहे. कृती छापील निबंधांत उपलब्ध आहे, कच्चा माल मंडईत मिळतो आणि उपकरणे साधी आहेत. गुप्तलेखनशास्त्रात ऑगस्ट केर्कहॉफ यांनी १८८३ मध्ये एक तत्त्व मांडले होते. यंत्रणेची रचना शत्रूच्या हाती पडली तरी ती सुरक्षित राहिली पाहिजे. गुप्त राहायला हवी ती केवळ किल्ली. शाईलाही हाच निकष लागू होतो. पदार्थ गुप्त ठेवून सुरक्षितता मिळत नाही. ती मिळवायची तर वेगळी किल्ली शोधावी लागेल.

ती किल्ली कुठे सापडू शकते, याची काही उत्तरे संशोधनातून पुढे येत आहेत. पहिले उत्तर काळाचे आहे. योग्य घन माध्यमात अडकवलेले काही कार्बन कण दिवा बंद केल्यानंतरही क्षणभर ते काही सेकंद उजळत राहतात. याला स्फुरदीप्ती म्हणतात. कागदातील प्रकाशवर्धक रसायने दिवा बंद होताच विझतात, त्यामुळे ही खूण पार्श्वभूमीपासून सहज वेगळी ओळखता येते. दुसरे उत्तर मिश्रणाचे आहे. वेगवेगळ्या तरंगलांबीला वेगळी उत्तरे देणाऱ्या दोन-तीन घटकांचे प्रमाण उत्पादकागणिक बदलले, तर पदार्थ माहीत असूनही प्रमाण ओळखणे अवघड जाते. तिसरे उत्तर यदृच्छेचे आहे. शाई सुकताना कण जसे विखुरतात, तो नमुना प्रत्येक पाकिटावर वेगळा असतो आणि उत्पादकालाही तो पुन्हा जसाच्या तसा काढता येत नाही. त्याचे छायाचित्र आधीच नोंदवून ठेवले, तर वनस्पतीजन्य मालातील अनियमितता हा दोष न राहता गुण ठरू शकतो.

नाशिक आणि नागपूरचे धडे

शाई कितीही उत्तम असली तरी व्यवस्था सैल असेल तर काय होते, हे महाराष्ट्राने जवळून पाहिले आहे. नाशिकरोड येथील भारत प्रतिभूती मुद्रणालय १९२५ पासून मुद्रांक व सुरक्षा दस्तऐवज छापत आले आहे. अब्दुल करीम तेलगीच्या बनावट मुद्रांक घोटाळ्यात याच मुद्रणालयातून निकाली काढलेली यंत्रे त्याच्या हाती पडल्याचे तपासात उघड झाले. त्याला शाईचे किंवा कागदाचे रहस्य रासायनिक विश्लेषणाने उलगडावे लागले नाही. ज्या दारावर कुलूप होते, त्याच दाराने तो आत शिरला.

नागपूरचे प्रकरण अधिक ताजे आणि अधिक अस्वस्थ करणारे आहे. कळमेश्वर येथील ग्रामीण रुग्णालयातील प्रतिजैविकाच्या नमुन्यापासून सुरू झालेल्या तपासानंतर नागपूर ग्रामीण पोलिसांनी सप्टेंबर २०२४ मध्ये आरोपपत्र दाखल केले. सरकारी रुग्णालयांना पुरवलेल्या या गोळ्यांत औषधाऐवजी टाल्कम पावडर आणि स्टार्च असल्याचा आरोप त्यात आहे. वेष्टनावर नाव असलेली उत्पादक कंपनीच अस्तित्वात नसल्याचेही तपासात पुढे आल्याचे सांगण्यात आले. उजळत्या शाईच्या मर्यादा येथे स्पष्ट होतात. हे पाकीट अमुक कारखान्यातून निघाले, एवढेच खूण सांगू शकते. कारखानाच कपोलकल्पित असेल आणि निविदा मंजूर करताना ते कोणी पाहिले नसेल, तर खुणेला विचारणारेच कोणी नसते.

कायद्यात कठोरपणाची उणीव नाही. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यात २००८ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार बनावट औषधामुळे मृत्यू किंवा गंभीर इजा झाल्यास किमान दहा वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षेची तरतूद आहे. १ ऑगस्ट २०२३ पासून सर्वाधिक खपाच्या ३०० औषधांच्या वेष्टनावर बारकोड किंवा क्यूआर कोड बंधनकारक झाला. या कोडमध्ये औषधाचे नाव, उत्पादक, तुकडी क्रमांक, उत्पादनाची व मुदत संपण्याची तारीख, परवाना क्रमांक अशी माहिती असते. हे पाऊल स्वागतार्ह असले तरी त्यात एक फट आहे. खऱ्या पाकिटावरील कोडचे छायाचित्र काढून तो हजारो खोट्या पाकिटांवर छापला, तर मोबाइल प्रत्येक वेळी खरी माहितीच दाखवील. कोड माहिती देतो, पण तो मूळ आहे की छायाप्रत, हे सांगत नाही.

ही फट बुजवण्यास उजळती शाई उपयोगी पडू शकते. कोडचाच काही भाग अशा शाईने छापला, तर छायाप्रतीत तो उतरणार नाही. कोड संगणकीय नोंदीशी जोडतो आणि शाई भौतिक वस्तूशी. दोन्ही जुळले तरच माल खरा. यासाठी औषध विक्रेत्याकडे ठरलेल्या तरंगलांबीचा छोटा दिवा असावा लागेल आणि ग्राहकाने मागितल्यास पाकीट दाखवण्याची पद्धत रुळावी लागेल. क्रिसिल आणि प्रमाणीकरण उपाययोजना पुरवठादारांच्या संघटनेने प्रसिद्ध केलेल्या पाहणीत बाजारातील २५ ते ३० टक्के माल बनावट असल्याची ग्राहकांची समजूत दिसून आली होती. हा आकडा समजुतीचा आहे, मोजणीचा नाही. तरीही संशय इतका पसरलेला असताना तो तपासण्याचे साधन ग्राहकाच्या हाती नसणे, हीच खरी विसंगती आहे.

पेंढ्याचा हिशेब

वनस्पतीजन्य शाईबद्दल बोलताना शेतातील टाकाऊ मालाचा प्रश्न सुटेल, अशी आशाही व्यक्त होते. पंजाबात दरवर्षी सुमारे दोन कोटी टन भाताचा पेंढा निघतो आणि त्याच्या ज्वलनाचा धूर दर हिवाळ्याच्या तोंडावर चंदीगडपासून दिल्लीपर्यंत चर्चेचा विषय होतो. परंतु साधा हिशेब मांडला तर ही आशा टिकत नाही. एका खुणेसाठी एक मिलिग्रॅम शाई लागते असे धरले, तरी शंभर कोटी पाकिटांना मिळून जेमतेम एक टन शाई पुरेल. प्रत्यक्ष कार्बन कणांचे प्रमाण त्याहूनही कमी असेल. दोन कोटी टनांच्या ढिगाऱ्यापुढे हा आकडा नगण्य आहे. पेंढ्यासाठी जैवइंधन, वीजनिर्मिती आणि शेतातच कुजवण्याचे उपाय लागतील. शाई हा त्याला पर्याय नाही.

‘हरित’ या विशेषणाचाही हिशेब व्हायला हवा. काही तास १८० अंशांवर तापवलेली भट्टी वीज खाते. कण शुद्ध करण्याच्या काही पद्धतींना भरपूर पाणी आणि वेळ लागतो, तर कच्च्या मालाच्या तुलनेत हाती येणारे उत्पादन अनेकदा थोडे असते. दुर्मिळ मृदा मूलद्रव्यांच्या खाणी व शुद्धीकरणाशी तुलना केली तर वनस्पतीजन्य पर्याय पर्यावरणाला सौम्य ठरण्याची शक्यता मोठी आहे. मात्र ती तुलना आकड्यांनी सिद्ध करावी लागेल. कच्चा माल झाडाचा आहे, एवढ्यावर प्रमाणपत्र देता येणार नाही.

तासाभराच्या परिघात

या सर्व अडचणी असूनही चंदीगड परिसराला या क्षेत्रात वेगळी संधी आहे. मोहालीत नॅनो विज्ञान संस्था, औषधशास्त्राची राष्ट्रीय संस्था आणि कृषी-अन्न व जैवउत्पादनाची राष्ट्रीय संस्था आहे. चंदीगडमध्ये प्रकाशीय व वैज्ञानिक उपकरणांवर काम करणारी केंद्रीय वैज्ञानिक उपकरण संघटना आहे आणि पंजाब विद्यापीठाचे रसायनशास्त्र आहे. रस्त्याने साधारण तासाभराच्या अंतरावर हिमाचल प्रदेशातील बद्दी-बरोटीवाला-नालागढ हा देशातील औषधनिर्मितीच्या प्रमुख पट्ट्यांपैकी एक पट्टा आहे. कण बनवणारे, दिवा व वाचनयंत्र घडवणारे, विषाक्तता तपासणारे आणि प्रत्यक्ष वेष्टनावर छापणारे असे चौघेही इतक्या जवळ क्वचितच एकत्र आढळतात.

या सर्वांना जोडणारा दुवा मात्र अजून हवा आहे. सुरक्षा शाईने किती दिवस ऊन, दमटपणा आणि घर्षण सोसावे, तुकडीगणिक वर्णपटात किती फरक चालावा, वेष्टनातून आत काय झिरपू नये आणि तपासणीच्या दिव्याची तरंगलांबी कोणती असावी, याचे समान निकष ठरल्याशिवाय प्रयोगशाळेतील शाई कारखान्याच्या छपाईयंत्रापर्यंत पोहोचणार नाही. प्रत्येक कंपनीने वेगळी शाई आणि वेगळा दिवा आणला, तर विक्रेत्याच्या गल्ल्यावर दिव्यांची रास जमेल आणि एकही पेटणार नाही. निकष ठरवण्याचे काम शास्त्रज्ञ एकटे करू शकत नाहीत. त्यासाठी औषध नियंत्रक, मानक ब्यूरो, उत्पादक आणि विक्रेते यांना एका टेबलावर यावे लागेल.

लहान उत्पादकांचा विचारही त्यात व्हायला हवा. मोठ्या कंपन्या होलोग्राम आणि महागड्या शाईचा खर्च सहज पेलतात. स्थानिक बियाणे कंपनी, लहान औषध कारखाना किंवा भौगोलिक मानांकन मिळालेल्या मालाचा शेतकरी गट यांना तो परवडत नाही आणि बनावट मालाचा फटका त्यांनाही तितकाच बसतो. वनस्पतीजन्य शाईचा स्वस्तपणा खऱ्या अर्थाने उपयोगी पडेल तो येथे. चलनी नोटेसारख्या उच्च सुरक्षेच्या वस्तूसाठी बहुस्तरीय खनिज शाई आणि दैनंदिन मालासाठी कोडशी जोडलेली वनस्पतीजन्य शाई, अशी विभागणी दोन्हींच्या मर्यादा लक्षात घेता अधिक व्यवहार्य दिसते.

संत्र्याच्या रसातून प्रकाश काढण्याला आता एका तपाहून अधिक काळ लोटला आहे. शास्त्राने आपला भाग बराचसा पुढे नेला आहे. पुढचा भाग औषधाच्या दुकानात, रुग्णालयाच्या भांडारात आणि कृषी सेवा केंद्राच्या गल्ल्यावर घडायचा आहे. तेथे कोणी दिवा लावून पाहिले, तरच पाकिटावरची खूण बोलेल. अन्यथा ती उत्तम शाई अंधारातच राहील आणि तिच्या शेजारी बनावट मालही.